साताऱ्यातून भाड्याची गाडी घेऊन माणदेश: एका दिवसाचा पूर्ण प्लॅन

साताऱ्यात पाहुणे आले की आपण त्यांना कुठं नेतो, तर कास, ठोसेघर, बामणोली, लईच वेळ असला तर महाबळेश्वर. सगळं पश्चिमेला. पोवई नाक्यावरून गाडी पूर्वेला वळवावी असं कुणाच्या मनातच येत नाही, तिकडं काय बघायचं, नुसता दुष्काळ, असं म्हणतात. हे मी लहानपणापासून ऐकतेय आणि दरवेळी मनाला लागतं, कारण माझं आजोळ दहिवडीजवळचं आहे आणि मला तो उघडा माळ, पायऱ्यापायऱ्यांचे बोडके डोंगर, संध्याकाळी तांबूस होणारी कुसळं आणि त्यातनं चाललेली मेंढरं यापेक्षा देखणं फार काही वाटत नाही. गेल्या काही वर्षांत मैत्रिणींना, ऑफिसातल्या लोकांना मी ही ट्रिप करायला लावलीय आणि दरवेळी तेच प्रश्न येतात, गाडी कुठली, किती वाजता निघू, जेवायचं कुठं, उन्हाचं काय. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. माणदेश म्हणजे साताऱ्याच्या पूर्वेचा, माण-खटावकडचा कोरडा मुलूख, पण ते राजस्थानसारखं वाळूचं वाळवंट नाही. खरं वाळवंट साधारण २५० मिलिमीटरपेक्षा कमी पावसाला म्हणतात, आपल्या माण-खटावला वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही कधी पडतो कधी नाही. पण त्याच जिल्ह्यात, सरळ रेषेत १०० किलोमीटरच्या आत महाबळेश्वरला ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे दहापट. सह्याद्री ढग अडवतो, सगळं पाणी तिकडंच उतरतं आणि डोंगराच्या पाठीमागं कोरडा वारा तेवढा येतो. हा फरक गाडीत बसून काही तासात डोळ्यांनी बघता येतो. वाळूचे ढीग आणि उंट हवे असतील तर जैसलमेरलाच जावं लागेल, इथं ते नाही. इथं दगड आहे, मुरूम आहे, बाभळ आहे आणि लांबच्या लांब मोकळं आकाश आहे.

पहिलं काम: दिवस ठरवणं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जा. दिवाळीनंतर गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, हवा स्वच्छ असते, दुपारचं ऊन लागतं पण सोसतं. एप्रिल-मे मध्ये लहान पोरं किंवा म्हातारी माणसं घेऊन अजिबात जाऊ नका, गाडीचा एसी बंद पडला तर सावलीला झाडसुद्धा दोन-दोन किलोमीटरवर असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीचा पाऊस झाला तर माळ चक्क हिरवा असतो, तेही छान दिसतं पण ते वेगळं चित्र.

आता महत्त्वाचं, कॅलेंडर काढून मार्गशीर्ष महिना कधी आहे ते बघा. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, पुढं वद्य पक्षात गोंदवल्याला ब्रह्मचैतन्य महाराजांच्या पुण्यतिथीचा उत्सव आणि त्याच सुमाराला पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा. यात्रा बघायची असेल तर मुद्दाम त्याच दिवशी जा, बैलबाजार, पाळणे, सगळं अनुभवण्यासारखं असतं, पण मोकळा माळ शांतपणे बघायचा असेल तर ते दिवस टाळा, पुसेगावातून गाडी बाहेर काढायलाच तास जातो.

आठवड्यातला वार ठरवताना औंधच्या म्युझियमची साप्ताहिक सुट्टी आधी विचारून घ्या, सणाच्या सुट्ट्यांनापण बंद असू शकतं. म्युझियम बंद असेल तर हा प्लॅन निम्मा कोसळतो, का ते पुढं येईल.

ऊन बघून आखणी करा, किलोमीटर बघून नको

माझं सगळ्यात मोठं सांगणं हेच. लोक मॅपवर बघतात, एवढंच अंतर आहे, मग दहा वाजता आरामात निघू. आणि दहाला निघालं की माळावर पोचता बरोबर साडेबाराला, तेव्हा सगळं पांढरंफटक, डोंगराला ना सावली ना रंग, माणसं चिडलेली, मग घरी येऊन सांगतात की तिकडं काहीच नाही.

कोरड्या मुलखाचं सौंदर्य सगळं तिरप्या उन्हात असतं. आपल्याकडचे डोंगर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर, म्हणून त्यांना पायऱ्या दिसतात, आणि त्या पायऱ्या दिसायला बाजूनं ऊन लागतं. डिसेंबरअखेरीस सूर्य साधारण सात वाजता उगवतो आणि सहा-सव्वासहाला मावळतो. म्हणजे तुमच्याकडं बघायचे दोनच चांगले तुकडे आहेत, सकाळी पावणेसात ते दहा-साडेदहा आणि संध्याकाळी चार ते सहा. या दोन तुकड्यात बाहेर उघड्यावर राहायचं, मधल्या वेळात छपराखाली. आजी हेच करायची, सकाळी रानात, दुपारी सोप्यात, चार वाजता पुन्हा बाहेर. तिला विचारलं की म्हणायची, "उन्हाशी भांडून काय मिळतंय व्हय?"

म्हणून माझा रूट असा: सातारा, कोरेगाव, वर्धनगड, पुसेगाव, महिमानगडच्या पायथ्याचा माळ, दहिवडी, गोंदवले, परत दहिवडीवरून वडूज, औंध आणि रहिमतपूरमार्गे सातारा. दुपार गोंदवल्याच्या प्रसादात आणि औंधच्या म्युझियममध्ये जाते, आणि सूर्य मावळताना तुम्ही घरापासून फक्त ४५ किलोमीटरवर असता. एकूण साधारण १७० किलोमीटर, इकडंतिकडं धरून १९० पकडा.

गाडी घेताना

स्वतःची गाडी असेल तर हा भाग सोडून द्या. भाड्याची घेणार असाल तर सगळ्यात आधी नंबर प्लेट बघा. सेल्फ ड्राइव्हला द्यायच्या अधिकृत गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी ओळखीत स्वस्तात देत असेल तर नको म्हणा, ती भाड्यानं द्यायला परवानगीच नसते आणि काही झालं तर इन्शुरन्स कंपनी हात वर करू शकते. दोन-चारशे रुपये वाचवायच्या नादात एवढी जोखीम घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठी गाडी लागत नाही. रस्ते डांबरी आहेत, चार माणसांना साधी हॅचबॅक पुरते, फक्त खालून बऱ्यापैकी उंच असलेली घ्या, गावातले स्पीडब्रेकर पेंट न मारलेले आणि उंच असतात. पेट्रोल किंवा डिझेलच घ्या. सीएनजीवर अवलंबून राहू नका आणि इलेक्ट्रिक गाडी या रूटला मी तरी सुचवणार नाही.

पैसे देण्याआधी विचारायचं ते असं: दिवसाला किती किलोमीटर फ्री आणि वरच्या किलोमीटरला किती, उशीर झाला तर तासाला किती, पेट्रोल जेवढं तेवढंच भरून द्यायचं का, डिपॉझिट कधी परत मिळणार, पंक्चरचा खर्च कुणाचा, आणि बंद पडली तर फोन कुणाला करायचा, तो नंबर रात्री लागतो का. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी नको.

गाडी आदल्या दिवशी संध्याकाळी उजेड असताना ताब्यात घ्या. एक दिवसाचं जादा भाडं पडलं तरी चालेल पण पहाटे पाच वाजता अंधारात गाडी घेऊ नका, मला त्याचा फटका बसलाय. एका ठिकाणाहून पहाटे गाडी घेतली, बंपरवरचा जुना ओरखडा अंधारात दिसलाच नाही आणि परत देताना डिपॉझिटमधून पैसे कापले, फोटो नव्हता म्हणून काही बोलता आलं नाही. त्यामुळं गाडीभोवती सावकाश फिरून एक सलग व्हिडिओ काढा, चारी दरवाजे, बंपर, काचा, आरसे, चाकांच्या रिमा, आतल्या सीटा, शेवटी डॅशबोर्डवरचं किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा, आणि तो व्हिडिओ तिथंच उभं राहून मालकाला पाठवा.

मग स्टेपनी. नुसती आहे का ते बघायचं नाही, बाहेर काढून अंगठ्यानं दाबून बघायची, जमलं तर पंपावर हवा चेक करायची. त्याच ट्रिपला दहिवडीच्या पुढं बाभळीचा काटा टायरमध्ये गेला, स्टेपनी काढली तर तीपण बसलेली. रस्त्यावर दोन तास गेले. एका मेंढपाळ मामांनी ऊन बघून आधी आम्हाला झाडाखाली बसवलं, "ताई, तुमी सावलीला बसा, पोराला सांगतो," म्हणाले, आणि त्यांच्या पोरानं मोटरसायकलवर टायर गावात नेऊन पंक्चर काढून आणलं. पैसे घेईनात, शेवटी पोराच्या खिशात बळंच कोंबले. त्या दिवशी औंध राहिलं. माणदेशात पंक्चर हा अपवाद नाही, बाभळीचे आणि हिवराचे काटे सगळीकडं पडलेले असतात, त्यामुळं जॅक, पाना आणि हवा असलेली स्टेपनी या तीन गोष्टी नसतील तर ती गाडी घेऊच नका.

बाकी एसी दहा मिनिटं चालवून बघा, कुलंटची पातळी बघा, हेडलाइटचे दोन्ही बीम आणि वायपरचं पाणी बघा. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि परमिट गाडीत आहे का, ते चालू तारखेचं आहे का हे वाचून घ्या. तुमचं लायसन मूळ किंवा डिजिलॉकरमध्ये ठेवा. पेट्रोल साताऱ्यातच भरा, १९० किलोमीटरला छोट्या गाडीला ११-१२ लिटर लागेल, पण टाकी अर्ध्याच्या खाली येऊ देऊ नका. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, वडूज सगळीकडं पंप आहेत.

डिकीत काय

पाणी. माणशी तीन लिटर प्यायला आणि वेगळा पाच लिटरचा कॅन हात-तोंड धुवायला आणि गाडीच्या अडीअडचणीला. गावात कुणीही पाणी मागितलं तर देतं, नाही म्हणणारं घर मला आजवर भेटलं नाही, पण जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात तिथं जाऊन आपण बाटल्या भरून घ्यायच्या हे मला पटत नाही. आपलं पाणी आपण न्यायचं. आजोळी अंघोळीचं पाणी वाया जात नव्हतं, ते परड्यातल्या शेवग्याला जायचं, हे बघत मोठी झालेय म्हणून कदाचित जास्त बोलतेय, पण हे पाळाच.

खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, केळी. ओआरएसची चार पाकिटं. टोपी किंवा मोठा रुमाल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, आणि जाड तळव्याचे बूट. चप्पल घालून माळावर उतरू नका, सराटे आणि काटे आरपार येतात. पहाटे वर्धनगडावर चांगलंच गार असतं आणि दुपारी घाम येतो, त्यामुळं स्वेटर आणि सुती दोन्ही लागतं. मोबाईलमध्ये ऑफलाइन मॅप उतरवून घ्या, डोंगराच्या कडेला रेंज जाते. पॉवर बँक, टॉर्च, छोटी दुर्बीण असली तर उत्तम. कचऱ्याला एक मोठी पिशवी, ती भरून साताऱ्यातच आणायची.

प्रत्यक्ष दिवस

सव्वापाचला घर सोडा. वाढे फाट्यावरून किंवा माहुलीवरून कोरेगाव रस्त्याला लागा, कृष्णेचा पूल ओलांडला की उसाचं रान सुरू होतं, अंधारातसुद्धा गारवा जाणवतो. कोरेगाव २० किलोमीटर, तिथून पुढं साधारण दहा-बारा किलोमीटरवर घाट चढला की वर्धनगड. सव्वासहापर्यंत पायथ्याच्या गावात पोचलात की गाडी कुणाच्या दाराची वाट न अडवता लावा आणि चालायला लागा. किल्ला शिवाजी महाराजांनी १६७३-७४ च्या सुमाराला बांधला असं मानतात, चढ अर्ध्या तासाचा, वर वर्धनीमातेचं देऊळ आणि पाण्याची टाकी आहेत.

या किल्ल्यावर सूर्योदय का बघायचा, तर वर्धनगडाची ही डोंगररांग म्हणजे पाण्याची वाटणी आहे. पश्चिमेला तोंड करून उभं राहा, कोरेगावकडचं पाणी वसना नदीनं लगेच कृष्णेला जातं, खाली हिरवे पट्टे दिसतात. आता मागं वळा. पूर्वेचं पाणी येरळेला जातं, ती लांब सांगली जिल्ह्यापर्यंत फिरून मग कृष्णेला मिळते, आणि रंग बदललेला दिसतो, हिरव्याचा करडा, करड्याचा तांबूस. एकाच जागेवर उभं राहून नुसती मान फिरवायची. पहिलं ऊन पूर्वेकडच्या टेकड्यांवर पडतं तेव्हा एकामागं एक सात-आठ रांगा मोजता येतात. घाई करू नका, पाऊण तास बसा.

साडेआठपर्यंत पुसेगावात नाष्टा. मिसळ, वडा, पोहे, जे गरम असेल ते. चहा घ्या आणि वॉशरूमचं इथंच उरका, पुढं बायकांची सोय दहिवडीशिवाय नीट नाही, हे मुद्दाम सांगतेय कारण कुणी सांगत नाही. पुसेगावचा बटाटा आपल्याकडं नावाजलेला, हंगाम असेल तर येताना घेऊ म्हणू नका कारण येताना या रस्त्यानं येणार नाही, घ्यायचा तर आत्ताच घ्या.

पुसेगाव सोडलं की दहिवडीच्या वाटेवर महिमानगड लागतो. ही पाण्याची दुसरी वाटणी. इथून पुढचं पाणी माणगंगेला आणि तिच्यातनं भीमेला जातं. माणगंगा उगवते कुळकजाईच्या सीतामाईच्या डोंगरात आणि वर्षातले कित्येक महिने तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त असते. किल्ला चढायची ताकद असेल तर चढा, नाहीतर माझं ऐका, पायथ्याच्या आसपास रस्त्याकडेला सुरक्षित रुंद जागा बघून गाडी लावा आणि नुसतं माळावर तासभर चाला.

या तासाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण ट्रिपचा जीव इथं आहे. गाडी डांबर सोडून आत घालायची नाही. भाड्याच्या गाडीला खालून दगड लागला तर तो खर्च बहुतेक वेळा तुमच्याच बोकांडी बसतो, आणि अवकाळी पाऊस होऊन गेला असेल तर काळ्या रानात चाक असं रुततं की ट्रॅक्टरच लागतो. पायी जा, पेरलेल्या रानातनं नाही, बांधावरनं किंवा गुरांच्या वाटेनं. पहिली पाच मिनिटं वाटेल काहीच नाही. मग थांबा, बोलणं बंद करा. चंडोल गात सरळ वर चढतो आणि दगडासारखा खाली पडतो. तरवडाची पिवळी फुलं दिसतील. मातीच्या रंगाचा, लांब पायांचा, चारदा पळून एकदा थांबणारा पक्षी दिसला तर तो धाविक. सकाळी मातीत ठसे ताजे असतात, मेंढी, ससा, खोकड. लांडगा माणदेशात अजून आहे, तो दिसला नाही तरी मेंढपाळाला विचारा, तासभर गोष्टी सांगतील. दगड उलटे करू नका, कपारीत हात घालू नका, फुरसं आणि विंचू दोन्ही असतात. चुकून काही चावलंच तर पट्टी आवळणं, चिरा देणं असले प्रकार न करता माणसाला हलू न देता थेट दहिवडी किंवा वडूजच्या ग्रामीण रुग्णालयात न्या, ॲम्ब्युलन्सला १०८, बाकी मदतीला ११२.

मेंढरांचा कळप भेटला तर फोटो काढण्याआधी माणसाशी बोला. राम राम घाला, कुठनं आलात विचारा. कुत्री भुंकत येतात, पळू नका, जागेवर उभं राहा, मालक हाक मारतो.

आजूबाजूच्या डोंगरांवर आडवे चर दिसतील, ते निसर्गाचे नाहीत, पाणी अडवायला लोकांनी श्रमदानानं खणलेले समतल चर आहेत. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावागावांच्या पाणी अडवायच्या स्पर्धेत, २०१६ ला पहिलं आलं ते कोरेगाव तालुक्यातलं वेळू आणि २०१८ ला माणमधली टाकेवाडी. आता कुठं कुठं उपसा योजनांचं पाणीपण आलंय, त्यामुळं बोडक्या डोंगराखाली अचानक डाळिंबाची बाग दिसली तर चकित होऊ नका.

साडेदहा-अकरापर्यंत गाडीत बसा. दहिवडी ओलांडून सात-आठ किलोमीटरवर गोंदवले बुद्रुक. ब्रह्मचैतन्य महाराजांची, १८४५ ते १९१३, समाधी इथं आहे. श्रद्धा असो नसो, तिथली शांतता, स्वच्छता आणि दुपारचा प्रसाद अनुभवावा असा. पंगतीत बसायचं, पानात टाकायचं नाही. वेळ ऑफिसात विचारून घ्या म्हणजे ताटकळावं लागत नाही. प्रसादानंतर सावलीत पाऊण तास टेका, गाडी चालवणाऱ्यानं तर डोळा लावाच, भरल्या पोटी दुपारच्या सरळ रस्त्यावर झोप येते.

गाडी उन्हात तापली असेल तर लगेच एसी फुल करून काचा लावू नका, आधी चारी काचा खाली करून एक-दोन मिनिटं गाडी चालवा, गरम हवा निघून गेली की मग एसी. सॅनिटायझर, डिओ, पॉवर बँक बंद गाडीत उन्हात ठेवू नका.

परत दहिवडी आणि तिथून वडूजला वळा, २० किलोमीटरच्या आसपास. हा रस्ता दुपारचा एसी लावून पटकन काढायचा. वडूजमध्ये चहा, मग औंध. अडीचपर्यंत पोचा.

औंधला लोक यमाई देवीसाठी येतात आणि बरेच जण म्युझियम न बघताच परत जातात, हे मला खरंच समजत नाही. यमाईचं मूळ देऊळ, म्हणजे मूळपीठ, ज्या डोंगरावर आहे त्याच डोंगरावर श्री भवानी म्युझियम आहे, १९३८ मधलं, तिथपर्यंत गाडी जाते. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, स्वतः चित्रकार, यांनी हे उभं केलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, चित्रकार धुरंधरांची आहेत, आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध ब्रिटिश शिल्पकाराचं आई-मुलाचं शिल्पसुद्धा आहे. बाहेर कडकडीत ऊन, आत हे. आणि याच राजानं १९३९ ला राज्यघटना करून स्वतःचा कारभार लोकांच्या हाती दिला, गांधीजींच्या सल्ल्यानं. दीड तास द्या, फोटोचे नियम पाळा.

चारला बाहेर पडून वर यमाईच्या मूळपीठाला जा. दर्शन घेऊन तटाजवळ पूर्वेकडं तोंड करून बसा. सगळे मावळतीकडं बघतात, तुम्ही आधी पूर्वेकडं बघा, सकाळी जिथून आलात तो सगळा मुलूख आता उलट्या बाजूनं उजळलेला असतो, टेकड्यांच्या सावल्या लांबत जातात आणि माळाचा रंग दर पाच मिनिटांनी बदलतो. मग सूर्य टेकला की पश्चिमेकडं वळा. खाली उतरल्यावर गावातल्या देवळाची उंच दीपमाळ बघायला विसरू नका.

पाणपक्षी किंवा शिंगणापूर हवं असेल तर

एका दिवसात सगळं बसत नाही, बसवू नका. थंडीत येरळवाडी आणि मायणीच्या तलावावर पाणपक्षी येतात, येरळवाडीला रोहित म्हणजे फ्लेमिंगोपण उतरतात, पण ते उजाडताना बघायचे, त्यासाठी वडूजला मुक्काम किंवा वेगळा दिवस.

दुसरा जोड शिखर शिंगणापूर, म्हसवड आणि राजेवाडी तलावाचा. म्हसवडला सिद्धनाथाचं देऊळ, घोंगड्या विणणारी माणसं, आणि गाडीतल्या रेडिओवर ९०.४ लावलं तर माणदेशी तरंग वाहिनी, गावच्याच लोकांनी चालवलेलं रेडिओ स्टेशन. हा रूट २५० किलोमीटरच्या वर जातो आणि शेवटी रात्रीचं लांब ड्रायव्हिंग पडतं, म्हणून दोन ड्रायव्हर असतील तरच. घोंगडं घ्यायचं तर विणणाऱ्याकडूनच घ्या आणि फार घासाघीस करू नका.

परतीचा रस्ता आणि गाडी परत देणं

औंधहून साडेसहाला निघा, रहिमतपूरमार्गे दीड तासात साताऱ्यात. दिवसभरातला सगळ्यात धोक्याचा तुकडा हाच. गळीत हंगाम चालू असतो, उसाच्या ट्रॉल्या दोन-दोन जोडलेल्या, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला, समोरून एखाद्या गाडीचा अप्पर डोळ्यावर आला की पुढची ट्रॉली दिसतच नाही. पन्नासच्या वर जाऊ नका, समोरच्याला डिपर द्या, ओव्हरटेकची घाई नको. अंधार पडताना गुरं-मेंढरं रस्त्यानं घरी परतत असतात, तिथं हॉर्न न वाजवता थांबा, दोन मिनिटात वाट मोकळी होते. मॅपनं शॉर्टकट दाखवला तरी रात्री घेऊ नका, फाट्यावर कुणालातरी विचारा.

साताऱ्यात शिरताना पंपावर पेट्रोल होतं तेवढं भरा, पावती ठेवा. काचा पुसा, पायाखालच्या मॅट झटका, तांबडी धूळ सगळीकडं गेलेली असते आणि काही जण सफाईचे वेगळे पैसे लावतात. पंपाच्या उजेडात परत एक व्हिडिओ काढा, काट्याचा आणि किलोमीटरचा फोटो घ्या. मग टॉर्च घेऊन चारी टायर बघा, थोडं थोडं पुढं घेऊन, बाभळीचा काटा आत मोडून बसला की हवा लगेच जात नाही, रात्रभरात जाते. दिसला तर तो स्वतः उपटू नका, तसंच दुकानात नेऊन काढून घ्या आणि मग गाडी परत द्या, डिपॉझिटचा मेसेज आला की त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.